गादी कोण फेकतं, नूरा?

नूरा, आपला एक वाद अर्धा राहिला होता. तू गेल्यावर थोड्याच दिवसांत तो मिटला. कोण जिंकलं ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर मधलं तू ऐकणार नाहीस, तुझी सवय मला माहीत आहे.

तुझ्या अंगणात बाया रडायला जमल्या तेव्हा काय बोलत होत्या, ते तुला ऐकू आलं नसेल. एक म्हणाली, "खाऱ्या पान्यानं नेली बाई." दुसरी म्हणाली, "हाडं तं कापसानं आधीच खाल्ली व्हती तिची." सगळ्यांनी माना हलवल्या. आपल्या संग्रामपूरच्या पट्ट्यात या दोन्ही दुखण्यांची कारणं तयारच असतात. किडनी गेली की विहिरीचं खारं पाणी. कंबर गेली की कापसाची वेचणी. बहुतेक वेळा ते खरंही असतं. आमच्या वस्तीत रक्त धुवायच्या मशीनवर जाऊन मेलेली माणसं मी पाहिली आहेत आणि माझी स्वतःची कंबर काही देवधर्म करून वाकलेली नाही. पण तुझ्या बाबतीत दोन्ही कारणं अपुरी होती. हे त्या अंगणात दोघींनाच ठाऊक होतं, मला आणि तुझ्या पोरीला, रुबीनाला.

तू मला सांगितलंस तो दिवस आठवतो? आपण वेचणीला गेलो होतो. दुपारी धुऱ्यावर भाकरी सोडून बसलो. तुझा नवरा, रहीमभाई, जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. पिंजायचं यंत्र गाड्यावर घालून तो महिने महिने गावोगाव फिरायचा, आणि शेवटी घरी आला तो हाडाचा सापळा होऊन. पोटाच्या दुखण्यानं गेला, असं तू गावाला सांगितलंस. मी ते ऐकून घेतलं होतं. खरं मानलं नव्हतं.

तू एकदम विचारलंस, "मावशी, तुह्या घरची गादी कशी हाये?"

"गादीले काय धाड भरली? साजरी हाये."

"कोनी भरली?"

"तूच तं भरली. भुलली काय?"

"मंग आयक," म्हणालीस, आणि सांगून टाकलंस. रहीमभाईला काय होतं, आणि आता तुला काय आहे. रुबीनाचं रक्त तपासलं होतं, ती सुटली होती. तू ठेचा भाकरीवर पसरत होतीस आणि सांगत होतीस. माझ्याकडे बघत नव्हतीस.

मी विचारलं, "गादीतून होते काय थे?"

"नाई. रक्तातून होते. दवाखान्यातल्या मॅडमनं सांगतलं."

"मंग झालं तं. मी काय गादी फेकू म्हंतेस? खोळीचं कापड म्या वरवटच्या बजारात अर्धा दिवस घासाघीस करून आनलं. फेकत नसते."

तू इतकी हसलीस की घास अडकला आणि मला पाठीत बुक्क्या माराव्या लागल्या. मग रडलीस. रडताना तू नाक पदराला पुसायचीस. ते मला कधी आवडलं नाही, त्या दिवशीही बोलून दाखवलं.

वाद तिथेच सुरू झाला. मी म्हटलं, लोकांना कळलं तरी काय होणार आहे? आठ दिवस कुजबुजतील आणि गप होतील. तू म्हणालीस, "मी गाद्या भरते मावशी. गाद्या. ज्यावर त्याईची लेकरं झोपतात, नवऱ्या-नवरीले झोपवतात. माह्या हाताले काय हाये थे कळलं तं एक गादी गावात राह्यनार नाई. जुन्या फेकतीन, नव्या मले देनार नाईत."

"गादी कोन फेकते वं? आपलं गाव एवढं दिलदार नाई. फाटकी चप्पल फेकत नाईत हे लोक."

"तू मानसाईले वळखत नाईस."

"मी तुह्या दुप्पट वयाची हावो."

"वय झालं म्हून अक्कल येते असं कुठं हाये?"

तुझं तोंड असं होतं. गावाला वाटायचं नूरा गरीब गाय आहे. ती गाय मला रोज शिंगं मारायची.

पुढची काही वर्षं बरी गेली, हेही सांगितलंच पाहिजे, नाहीतर मी खोटारडी ठरेन. दवाखान्यानं दिलेल्या पहिल्या गोळीनं तुझं रक्त आटलं, ओठ पांढरे पडले, जिना नसलेल्या गावात तुला आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारापर्यंतचा चढ चढवेना. मग त्यांनी गोळी बदलली. रात्री झोपताना एकच. त्या गोळीनं तुला स्वप्नं पडायची. सकाळी येऊन सांगायचीस, आज मी इमानात बसले व्हते, खाली सगळी पऱ्हाटीच पऱ्हाटी, आणि तू मले खालून शिव्या देऊन राह्यली व्हती. पण गाल भरले. चांगली दोन माणसांचं काम करू लागलीस. गोळ्यांच्या बाटलीचा कागद खरवडून तू ती दाभणाच्या डब्यात ठेवायचीस, सुतळीच्या गुंडीखाली. त्या डब्याला तुझ्याशिवाय कोणी हात लावत नसे. त्या गोळीनं तुला जगवलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग मांड्या दुखायला लागल्या.

वेचणीत दुखतं त्याची कोण दखल घेतं? सगळ्या बाया कण्हतच वेचतात. बीटीचं बियाणं आल्यापासून कापूस एकदम फुटतो, मालकाला तो एकदम घरात पाहिजे असतो. म्हणून मालकीणबाई दुपारच्या चहाच्या किटलीबरोबर दुखीच्या गोळ्यांचं पाकीट आणते आणि लेकरांना फुटाणे वाटावे तशा गोळ्या वाटते. "घ्या वं, घ्या, हातं चालले पाह्यजेत." आपल्याकडे तो पाहुणचारच समजतात. जी मालकीण गोळी देत नाही ती चिक्कू. तू त्या घ्यायचीस, मी घ्यायचे, सगळ्या घ्यायच्या. पण आम्ही हंगामापुरत्या घेतल्या. तू उन्हाळ्यात गाद्या शिवतानाही घेत राहिलीस, कारण तुझं दुखणं हंगामाबरोबर संपत नव्हतं. आणि गोळीनं भागेना तेव्हा पेठेतल्या डॉक्टराकडे जाऊन कमरेत सुई टोचून घ्यायला लागलीस.

तुझी चाल बदलली. बदकासारखी दोन्हीकडे कलत चालायला लागलीस. ओट्यावर चढताना हाताने पाय उचलून ठेवायचीस. बाया चिडवायच्या, "नूरा ठुमकून राह्यली, कोनासाठी वं?" तू पण कंबर हलवून दाखवायचीस. मला ते हसण्यासारखं वाटलं नाही. वेचणीनं कंबर धरते, गुडघे धरतात, मान धरते. वेचणीनं माणूस बदक होत नाही. मी जन्मभर वेचणारीच पाहिली आहेत.

मी म्हटलं, "त्या पेठेतल्याले सांगतलं काय, रातची गोळी कोन्ती खातेस थे?"

"सांगते ना. त्याचा कंपाउंडर आपल्या गल्लीतला. आज सांगतलं तं तुह्या घरी चूल पेटाच्या आधी गावभर."

"मंग दवाखान्यातल्या मॅडमले सांग, पेठेतून सुया घेते म्हून."

"ते म्हंतीन चिठ्ठी आन त्या डॉक्टरची. मंग त्याले काय सांगू, कशाले पाह्यजे?"

दवाखान्यात दर खेपेला विचारायचे, दुसरं औषध घेता का? तू 'नाही' म्हणायचीस. पेठेत विचारायचे, कुठली गोळी चालू आहे का? तिथेही 'नाही'. दोन्ही डॉक्टरांना अर्धी अर्धीच नूरा दिसत होती. रक्त तपासायला बोलवायचे तेव्हा नेमकी वेचणी असायची, रोज बुडतो म्हणून तू नुसत्या गोळ्या घेऊन पळत यायचीस. लघवीला फेस येतो, असं मला एकदा बोललीस. मी म्हटलं दवाखान्यात बोल. तू म्हणालीस, "पानी खारं हाये मावशी, सगळ्याईलेच येते." बघ, तुलाही तेच पाठ होतं.

मग बोंडअळीचं वर्ष आलं. बोंड उघडावं तर आत अळी आणि सडका, पिवळा कापूस. आपल्याकडे त्याला कवडी म्हणतात. व्यापारी तिला हात लावेनात. वावरंच्या वावरं लोकांनी नांगरून टाकली. सगळं गाव कपाळाला हात लावून बसलं आणि तुझ्या दारात रांग लागली. विकत नाही तर निदान गाद्या तरी भरून घेऊ, असं ज्याच्या त्याच्या डोक्यात आलं. बीटी आल्यापासून घरचा कापूस घरात राहतच नव्हता, सगळा जिनिंगला जायचा. लोक फोमच्या गाद्यांवर गेले होते, तुझा धंदा बसला होता. त्या वर्षी गावाचं दिवाळं निघालं आणि तुझी दिवाळी झाली. असं तूच म्हणालीस, आणि म्हणून झाल्यावर तोंडावर हात ठेवलास.

तुझा तो शेवटचा गाद्यांचा मोसम मी पाहिला. काठीनं कापूस झोडताना बरगडीत कट्‌कन झालं. कोणी ढकललं नाही, पडली नाहीस, नुसता हात वर नेलास. त्यानंतर तुला बसवेना. तर तू गादीवर आडवी होऊन, कुशीवर पडून, तीच गादी शिवायला लागलीस. जेवढा हात पोचेल तेवढे टाके, मग रुबीना तुला सरकवायची, मग पुढचे टाके. कोपऱ्यांना लाल दोऱ्याच्या चार गाठी, तुझी खूण. मी दारात उभी राहून म्हटलं, "मरशीन अशानं." तू दाभण न थांबवता म्हणालीस, "मरताना गादीवर तं राहीन. तू मरशीन चटईवर."

पाय मोडला तो बसमधून उतरताना. एक पायरी. लोक म्हणाले पडली. मी मागे होते, मी पाहिलं. आधी मोडला, मग पडलीस.

मोठ्या दवाखान्यात रुबीना आणि मी तुला घेऊन गेलो. तिथला डॉक्टर पोरसवदा होता, पण खुर्ची ओढून बसला. सगळ्या गोळ्या विचारल्या. या वेळी तू खरं सांगितलंस, रात्रीची, पेठेतली, चहाबरोबरची. त्यानं सांगितलेलं मला जेवढं समजलं ते असं. रात्रीची गोळी चांगली आहे, हजारोंना जगवते, पण एखाद्याच्या किडनीला ती सोसत नाही. मग किडनी गळक्या हंड्यासारखी होते, हाडांना लागणारे क्षार लघवीतून वाहून जातात, हाडं मऊ पडतात, मोडतात. वेळेवर रक्त-लघवी तपासली असती तर ते दिसलं असतं. गोळी बदलता आली असती. आणि दुखीच्या गोळ्या न् सुया वर्षानुवर्षं वरून पडल्या, त्यांनी उरलेली किडनी संपवली. खारं पाणी होतंच.

तू विचारलंस, "मंग आता बदला ना."

"बदलली मावशी."

"मंग?"

तो कागद चाळायला लागला. तुला एवढ्या लहान वयात मावशी म्हणाला याचा तुला राग आला, असं तू नंतर मला सांगितलंस. मला ते बरं वाटलं. राग येतोय म्हणजे माणूस अजून आहे.

त्यानं आणखी एक बजावलं, रात्रीची गोळी विष होती असं गावात सांगू नका, लोक भीतीनं सोडून देतील आणि मरतील. म्हणून मीही ते सांगत नाही. तू खाटेवरून विचारलंस, "मावशी, त्या गोळीले शिव्या देऊ का दुवा देऊ?" मी म्हटलं, "दोन्ही दे. पडल्या पडल्या तुले दुसरं काम काय हाये?"

रक्त धुवायचं मशीन लांब. मोडका पाय घेऊन आठवड्यातून दोनदा गाडी करून जायचं, चार तास पडायचं, परत यायचं, त्यात एक हाड आणखी दुखवून यायचं. थोडे दिवस केलंस. मग एका सकाळी गाडी दारात उभी असताना म्हणालीस, मी येत नाही. रुबीना पाया पडली. माझ्याकडे बघून तू म्हणालीस, "तू काई बोलू नको." मी बाहेर जाऊन गाडी परत पाठवली.

त्या शेवटच्या दिवसांत एकदा वाद पुन्हा निघाला. मी म्हटलं, आता तरी सांगून टाक, ओझं घेऊन जाऊ नको. तू म्हणालीस, "मी मेल्यावर कळनच. मंग पाहजो गाद्याईचं."

"पाहीन. एक गादी बाहेर येनार नाई."

"पैज?"

"पैज. पन मी हरली तं देऊ कोनाले? तू तं मेलेली राह्यशीन."

"म्हून तं लावून राह्यली," म्हणालीस. त्या हसण्यानं बरगडी दुखली तुझी. तुझं शेवटचं हसणं तेच मी पाहिलं.

आता पुढचं ऐक, हे तुला माहीत नाही. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी जियारतच्या दुवेला बाया परत जमल्या. परत तेच, खारं पाणी, कापूस, नशीब. रुबीना चहा देत होती. तिनं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "पान्यानं नाई गेली माही अम्मी. तिले एचआयव्ही व्हता. गोळ्या चालू व्हत्या. थ्याच्यावर दुखीच्या गोळ्या खाल्ल्या, कोन्याच डॉक्टरले खरं सांगतलं नाई, म्हून किडनी गेली, म्हून हाडं गेले. तुमच्या घरात कोनी असन तं त्याले सांगा, रक्त-लघवी तपास, दोनी डॉक्टरले सगळं सांग." एवढं बोलली आणि ताट उचलून पुढच्या बाईला चहा द्यायला गेली. त्या बाईनं कप घेतला नाही.

कुणीतरी मांडीवरचं लेकरू उचललं. कुणाला घरी दूध उतू जायचं आठवलं. थोड्या वेळात अंगणात मी, रुबीना आणि भरलेले कप.

मी तुझ्या पोरीला दोष देत नाही. त्या अंगणात तिला खोटं गिळवलं नाही, बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी ई-क्लासच्या, सरकारी पडीक जमिनीतल्या उकिरड्याशी पहिली गादी दिसली. कोपऱ्याला लाल दोऱ्याच्या गाठी. संध्याकाळपर्यंत ढीग झाला. ज्या मालकीणबाईनं तुला वर्षानुवर्षं चहाबरोबर गोळ्या दिल्या, तिची जोडी वर होती, लेकीच्या लग्नात भरून घेतलेली. आमच्या लोकांना माणसाला लांब बसवणं काय असतं हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. म्हणून मला वाटलं होतं, आमच्या वस्तीतून तरी एकही येणार नाही. आमच्या वस्तीतूनही आल्या. काही जणींनी खोळ उसवून ठेवून घेतली आणि नुसता कापूस फेकला. म्हणजे कंजूषपणाबद्दल मी बरोबर होते. बाकी सगळं तू. कुत्र्यांनी गाद्या फाडल्या, कवडी वाऱ्यावर उडून बाभळींना अडकली आणि गुरं चारणारे तिकडून जाताना नाकाला रुमाल लावायला लागले.

तू जिंकलीस, नूरा.

मला जो विचार सोडत नाही तो असा. मी वर्षानुवर्षं तुला 'सांग, सांग' म्हणत होते ते या भरवशावर, की सांगून काही बिघडत नाही. तू सांगितलं असतंस तर कदाचित जगली असतीस. पण दाभण तेव्हाच हातातून गेलं असतं आणि रुबीनाला तू काय खाऊ घातलं असतंस, याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आजही नाही. तुझं मोजमाप चुकलं नव्हतं. मरण्यासारखंच मोजमाप होतं, पण बरोबर होतं. मी रात्रंदिवस उलटंपालटं करून पाहिलं, यातून तुला वाट काढून देणारी युक्ती मला सापडली नाही.

रुबीना मलकापूरला तुझ्या बहिणीकडे गेली. घराला कुलूप आहे. दाभणाचा डबा माझ्याकडे ठेवून गेली.

माझी गादी घरात आहे. तिला गाठी झाल्या आहेत, यंदा उसवून पिंजायची होती. उजव्या कुशीखाली एक मोठी गाठ टोचते. आता ती पिंजणार कोण?

परवा भर दुपारी एक बाई आली. आपल्यातलीच, तुझ्या अंगणात होती. तिची गादी त्या ढिगात मी स्वतः पाहिली आहे, पहिल्या दिवसाची. दार लोटून घेतलं आणि विचारते, "मावशी, रुबीना काय म्हने, कोन्तं रक्त तपासा लागते?"

मी म्हटलं, "तुले काऊन पाह्यजे?"

"माह्या बहिनीसाठी."

तिला बहीण नाही. मी गादीवर बसले होते, सरकून जागा केली, "बस" म्हटलं. तिनं गादीकडे पाहिलं आणि जमिनीवर बसली.

मला जे त्या पोरसवद्या डॉक्टरानं सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं. रात्रीची गोळी सोडायची नाही. दुखीची गोळी, सुई परस्पर घ्यायची नाही. रक्त, लघवी तपासायला लावायची, वेचणी असो की काही असो. तिनं ते तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं. जाताना तिनं हाताने पाय उचलून उंबऱ्याबाहेर ठेवला.

मग मागे वळून म्हणाली, "मी आल्ती हे कोनाले सांगू नको."

मी म्हटलं, नाही सांगत. तुला तेवढं सांगितलं. नाव तुलाही सांगत नाही.